जुना डेस्कटॉप : पंखा फिरतो, लाईट लागते, स्क्रीनवर मात्र काहीच नाही (बाबांच्या ओव्या आत अडकल्यात)

धायरीफाटा | शुक्रवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, मदत हवीय आणि जरा तातडीची आहे. बाबांचा डेस्कटॉप गेल्या गुरुवारपासून बंद पडलाय. म्हणजे अगदी बंद नाही, बटण दाबलं की समोरचा निळा लाईट लागतो, आतले दोन्ही पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काही म्हणजे काही येत नाही, कंपनीचा लोगोसुद्धा नाही. त्या गुरुवारी आमच्याकडे नेहमीसारखी मेंटेनन्सला लाईट गेली होती, दुपारी चारला आली, परत गेली, परत आली असं तीनचार वेळा झालं, त्यानंतर बाबांनी चालू केला तर हे असं.

२०११ सालचं असेंबल्ड मशीन आहे, बिल अजून बाबांच्या फायलीत आहे : आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, दोन जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज ७. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर बोर्डालाच निळ्या व्हीजीए केबलने जोडलेला आहे.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं, त्याने पाच मिनिटं बघून मदरबोर्ड गेला, आता हा बोर्ड मिळत नाही, भंगारात द्या आणि नवीन घ्या असं सांगितलं. कव्हर उघडलं नाही की काही मोजलं नाही, मला ते पटलं नाही म्हणून इथे लिहितोय.

आत काय आहे तेही सांगतो. बाबा आयुष्यभर नारायण पेठेतल्या छापखान्यांमध्ये, आधी खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवायला आणि मग डीटीपीला (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायला) होते. आजी वेल्ह्याकडची, तिच्या आणि तिच्या बहिणींच्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी वह्यांत उतरवल्या होत्या, त्यातल्या चारशेच्या वर ओव्या त्यांनी या मशीनवर पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरने टाईप केल्यात. दोन वह्या आमच्या जुन्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा गेल्या, त्यामुळे त्या ओव्या आता फक्त या डिस्कवर आहेत. बॅकअप नाही. बाबा ७६ वर्षांचे आहेत, काही बोलत नाहीत पण रोज सकाळी बटण दाबून बघतात.

सोल्डरकाका | शुक्रवार, रात्री ११.२५

धायरीफाटा, आधी एक करा, बाबांना सांगा की सारखं बटण दाबू नका. पॉवरची भानगड असेल तर दर वेळी डिस्कला झटका बसतो. प्लग भिंतीतून काढा, कव्हर उघडा, हार्डडिस्कच्या दोन्ही वायरी (रुंद पॉवरची आणि पातळ डेटाची) काढून ठेवा. डिस्क आता या सगळ्यातून बाहेर. डिस्क नसली तरी स्क्रीनवर लोगो यायलाच पाहिजे, त्यामुळे तपासायला ती लागतही नाही.

डिस्प्ले नाही याचा अर्थ बोर्ड गेला असा होत नाही हो. मी तीस वर्षं हेच काम केलं, नो डिस्प्ले म्हणून आलेल्या जुन्या मशीनमध्ये बऱ्याचदा रॅमचा काँटॅक्ट, नाहीतर एसएमपीएस (भिंतीतली वीज बोर्डाला लागेल तशी करून देणारा डबा), नाहीतर मॉनिटरचीच केबल निघायची. बोर्ड सगळ्यात शेवटी धरायचा, कारण तो सिद्ध करायचा एकच मार्ग आहे, बाकी सगळं चांगलं आहे हे आधी दाखवायचं.

आता मला चार गोष्टी सांगा. मॉनिटर नो सिग्नल असं लिहितो का, की पूर्ण काळा? कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? चालू करताना पूर्वी टुक असा एक आवाज यायचा का? आणि मशीन चालूच राहतं की दोनपाच सेकंदांनी बंद होऊन परत चालू होतं?

कोथरूडडेपो | शनिवार, सकाळी ८.१०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय, मशीन इतकं जुनं, त्यावर पैसे घालण्यापेक्षा डिस्क काढून लॅपटॉपला लावा, फाईली घ्या आणि मोकळे व्हा. तुम्हाला डेटा पाहिजे ना, मग डब्याचं काय एवढं. फक्त एक लक्षात ठेवा, डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची असते, तिला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कसाठीची साधी साटा-यूएसबी केबल आणाल तर डिस्क फिरणारच नाही आणि उगाच वाटेल की तीही गेली. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला कन्व्हर्टर घ्या.

छपाईघर | शनिवार, सकाळी ९.३२

कोथरूडडेपो, कॉपी काढायचं बरोबर आहे, ते आधी कराच. पण फाईली मिळाल्या म्हणजे ओव्या मिळाल्या असं होत नाही. मी २००० पासून डीटीपी करते. ती जुनी श्रीलिपी युनिकोड (कुठल्याही मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत) नाही, फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असतात, काना वेगळा, रफार वेगळा. तो फॉन्ट नसेल तर फाईल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची खिचडी दिसते. त्यात पेजमेकरची फाईल, ती पेजमेकरमध्येच नीट उघडते, त्याची शेवटची ७ नंबरची आवृत्ती २००१ मध्ये आली, पुढे अ‍ॅडोबीने काढलीच नाही. आणि श्रीलिपीला यूएसबीचा डोंगल (किल्लीसारखी छोटी डबी, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) लागतो, तो मागे लावलेला आहे का बघा दादा, मशीन उघडताना कुणी भंगार समजून टाकला तर त्या मशीनवर ती परत चालणार नाही. डोंगल आधी काढून बाबांच्या हातात द्या.

म्हणून मी म्हणेन की हे मशीन जसंच्या तसं एकदा तरी उभं राहायला पाहिजे. एकदा उभं राहिलं की प्रत्येक फाईलची पीडीएफ काढता येईल.

धायरीफाटा | शनिवार, दुपारी १.०५

ताई, डोंगल मागेच होता, हिरव्या रंगाचा. काढून बाबांकडे दिला, त्यांनी तो देवघरातल्या डबीत ठेवलाय.

काका, डिस्क सोडवली. तुमच्या प्रश्नांची उत्तरं : मॉनिटर आधी नो सिग्नल दाखवतो आणि मग झोपतो, म्हणजे दिवा नारिंगी होतो. कॅप्स लॉकचा दिवा लागतच नाही, कितीही दाबा. टुक आवाज पूर्वी यायचा की नाही कुणालाच आठवत नाही. मशीन चालू ते चालूच राहतं, पंखे एका लयीत फिरतात.

मॉनिटरही तपासला, शेजारच्यांच्या जुन्या लॅपटॉपला व्हीजीए होतं, त्याला तीच केबल लावली तर चित्र एकदम स्वच्छ. म्हणजे मॉनिटर आणि केबल दोन्ही ठीक.

सोल्डरकाका | शनिवार, दुपारी १.५०

उत्तम. नो सिग्नल लिहितोय म्हणजे त्याची बॅकलाईट जिवंत आहे, आणि लॅपटॉपवर चाललाय म्हणजे मॉनिटरचा विषय संपला. (पुढे वाचणाऱ्यांसाठी : मॉनिटर पूर्ण काळा असेल तर अंधारात टॉर्च तिरका धरून बघा, अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाईट गेलेली असते, कॉम्प्युटर नाही.)

कॅप्स लॉक हलत नाही म्हणजे मशीन सुरुवातीच्या तपासणीतून पुढे सरकतच नाही. तो हलला असता तर मी म्हटलं असतं की मशीन चालू आहे आणि फक्त चित्र बाहेर येत नाही. इथे मशीनच अजून जागं झालेलं नाही.

आता बझर आणा. बोर्डाच्या कोपऱ्यात चार पिनांवर स्पीकर लिहिलेलं असतं, त्यावर बसणारा इवलासा काळा बझर, वीसतीस रुपयांत येतो. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये तो देतच नाहीत आणि त्यामुळे मशीन ओरडून सांगत असतं ते आपल्याला ऐकू येत नाही. तो लावा, प्लग काढलेला असताना दोन्ही रॅम काढा, मग प्लग लावून चालू करा. रॅमशिवाय मशीन ओरडलं तर प्रोसेसर, बोर्ड आणि पॉवर तिन्ही निदान श्वास घेतायत. गप्प राहिलं तर त्या तिघांतलं कुणीतरी आजारी आहे. हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, दर वेळी. आणि प्रोसेसर काढू नका, त्या सॉकेटमध्ये बोर्डाच्या बाजूला ११५५ बारीक पिना आहेत, एक वाकली तर मग खरंच बोर्ड गेला.

पर्वतीपायथा | शनिवार, दुपारी ४.२०

बझर, बॅटरी, थर्मल पेस्ट असलं सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल, पासोड्या विठोबाच्या बाजूने आत शिरा. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही, शनिवारवाड्याकडे कुठेतरी लावून चालत जा.

धायरीफाटा | रविवार, संध्याकाळी ७.१५

शनिवारीच संध्याकाळी पावसात जाऊन बझर आणला, सोबत सीआर२०३२ बॅटरीही घेतली. दोन्ही रॅम काढून चालू केलं. पंखे फिरतात, आवाज शून्य. बॅटरी काढून, प्लग काढून अर्धा तास ठेवलं, क्लिअर सीमॉसचा जंपरही (बोर्डाची साठवलेली सेटिंग पुसणारी पिनांवरची टोपी) हलवून परत जागेवर लावला, तरी शून्य. बझर उलटा लावला असेल म्हणून फिरवून बघितला, तरी शून्य. म्हणजे तो दुरुस्तीवाला बरोबर होता का? बाबा शेजारीच उभे होते, मला त्यांच्याकडे बघवेना.

हडपसरनेट | रविवार, रात्री ८.००

एसएमपीएस तपासून बघा आधी. बोर्डापासून मोठा २४ पिनांचा प्लग काढायचा, त्यातली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर यात यू-पिन अडकवायची, मग भिंतीचं बटण चालू. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो ठीक आणि मग बोर्डच गेलाय.

धायरीफाटा | रविवार, रात्री ८.३५

केलं, पंखा लगेच फिरला आणि छान फिरतोय. मग बोर्डच ना?

सोल्डरकाका | रविवार, रात्री ९.१०

नाही, थांबा. हडपसरनेट, तुमची पद्धत बरोबर आहे पण निष्कर्ष घाईचा आहे. यू-पिन लावून पंखा फिरला याचा अर्थ एवढाच की एसएमपीएस चालू होतो. त्यावर लोड काय होता तेव्हा? एक पंखा. रिकामी रिक्षा चढ चढली म्हणून तिघं बसल्यावर चढेल असं नाही. जुन्या एसएमपीएसमधले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात, बिनलोडचे १२ व्होल्ट छान दाखवतात आणि बोर्ड जोडला की बसतात.

आणि इथेच तुमच्या पंख्यांचं कोडं सुटतं. एसएमपीएस सगळे व्होल्टेज जाग्यावर आले की राखाडी वायरीवरून ५ व्होल्ट देऊन बोर्डाला सांगतो, सगळं ठीक आहे, सुरू कर. तो निरोप आला नाही तर बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो. पंखे त्या निरोपाची वाट बघत नाहीत, त्यांना १२ च्या आसपास काही मिळालं की ते फिरतात, लाईट लागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पॉवर तर आहे.

मल्टीमीटर मिळवा कुठूनतरी. २४ पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा चौकोनी ४ पिनांचा, दोन्ही प्लग बोर्डाला घट्ट लावलेले ठेवा, मशीन चालू करा, मीटर डीसी २० वर, काळी सळई कॅबिनेटच्या पत्र्याला आणि लाल सळई प्लगच्या मागच्या बाजूने वायरीच्या तोंडाशी. पिवळी बघा, लाल बघा, नारिंगी बघा आणि राखाडी बघा. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. सळई दोन पिनांना एकदम लागू देऊ नका, घाई नको.

आणि हे सगळ्यांसाठी : एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात. कितीही हौस असली तरी नाही.

धायरीफाटा | सोमवार, रात्री ९.५०

सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनदादांना मल्टीमीटर घेऊन बोलावलं, ते स्वतः थांबले, त्यांनी सळई धरली आणि मी आकडे लिहिले. बाबांनी टॉर्च धरला.

नुसतं यू-पिन लावून पिवळी १२.१. बोर्ड जोडून पिवळी १०.६, चौकोनी प्लगवर पण तेवढंच. लाल ५.१, नारिंगी ३.३. राखाडी ०.२. परत परत बघितलं, राखाडी वर येतच नाही. काका, तुम्ही मशीन न बघता सांगितलंत.

सोल्डरकाका | सोमवार, रात्री १०.०५

१०.६ म्हणजे ११.४ च्या बरंच खाली. निरोप निघतच नाही. आता बोर्डाला दोष देऊ नका, त्याला अजून संधीच मिळालेली नाही. कुणाकडे चालू एसएमपीएस असेल तर तासभर मागून आणा, नाहीतर टिळक रोडला जाऊन नवीन घ्या. या मशीनला ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसर ६५ वॅटचा, चांगल्या कंपनीचा साधा ४५० वॅटचा पुष्कळ झाला. डब्यावर मोठा आकडा छापलेला हलका डबा घेऊ नका, हातात घेऊन वजन बघा आणि बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. दुकानदाराला विचारा की बोर्ड खराब निघाला तर परत घेणार का.

कोथरूडडेपो | सोमवार, रात्री १०.४८

मी आधी फेकून द्या म्हटलं होतं ते मागे घेतो. माझ्याकडे कपाटात एक एसएमपीएस पडून आहे, दोन वर्षं वापरलेला, चालू आहे. उद्या संध्याकाळी ऑफिसहून येताना वारज्याच्या पुलाखाली भेटलात तर देतो, नवीन घ्यायच्या आधी त्याच्यावर बघा, उगाच पैसे अडकायला नकोत.

धायरीफाटा | मंगळवार, रात्री ११.३०

मंडळी, ओरडला! कोथरूडडेपो यांचा एसएमपीएस लावला, रॅम काढलेल्याच होत्या, बटण दाबलं आणि बझरने लांब लांब बीप द्यायला सुरुवात केली. आई आतून धावत आली, काय झालं म्हणून. बाबांना सांगितलं की हा चांगला आवाज आहे.

पण मग रॅम लावली तरी तेच बीप. पहिली रॅम पहिल्या स्लॉटला, दुसऱ्याला, मग दुसरी रॅम तशीच, चारही प्रकारे तेच. डोकं बंद पडलं. मग बाबा म्हणाले की आधी रॅमचे दात बघ. त्यांनी चष्मा लावून बघितले तर सोनेरी पट्ट्यांवर करडा थर आलेला, कॉम्प्युटर खिडकीशी आहे आणि इकडे सिंहगड रोडला पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम देतात. पांढऱ्या खोडरबरने एका दिशेने हलक्या हाताने घासले, रबराचा भुगा ब्रशने पूर्ण झटकला, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसले, वाळू दिले. स्लॉटमध्ये मऊ कोरडा ब्रश फिरवला. रॅम दोन्ही बाजूंनी कट आवाज येईपर्यंत दाबली.

एक टुक. आणि स्क्रीनवर बोर्डाचं नाव.

पुढे सीमॉसचा मेसेज आला, तारीख २०११ ची दाखवत होता. बॅटरी मोजली तर ३ च्या जागी २.३ व्होल्ट, नवीन आणलेली होतीच, ती लावली, तारीख वेळ दुरुस्त केली. मग बंद करून प्लग काढून डिस्क जोडली आणि परत चालू केलं. विंडोज आलं. बाबांचा डेस्कटॉप, त्यावर मधोमध 'आई-ओव्या' नावाचं फोल्डर.

छपाईघर | मंगळवार, रात्री ११.४१

डोळ्यांत पाणी आलं वाचून. दादा, झोपायच्या आधी ते फोल्डर पेनड्राईव्हवर घ्या, आत्ता. आणि फॉन्टचं फोल्डरही घ्या. पीडीएफ उद्या.

पर्वतीपायथा | बुधवार, सकाळी ७.३०

अभिनंदन! माझी एक शंका विचारून घेतो. मुलीच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड आहे, तिथे एक लांब आणि दोन छोटे बीप येतात आणि स्क्रीन काळी.

सोल्डरकाका | बुधवार, सकाळी ८.१५

पर्वतीपायथा, पुष्कळ बोर्डांवर त्याचा अर्थ डिस्प्ले कार्ड सापडत नाही असा असतो, तरी कोड बोर्डाच्या बायोसप्रमाणे (बोर्डात भरलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमप्रमाणे) बदलतात, मॅन्युअल बघून घ्या. कार्ड काढा, त्याचे दात तसेच पुसा, कार्डाला वेगळा पॉवरचा प्लग असेल तर तो लावलाय ना बघा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड बाजूला ठेवून केबल बोर्डाच्या पोर्टला लावून चालू करून बघा. खूप जण कार्ड असताना केबल बोर्डाला लावतात आणि दिवसभर शोधत बसतात, तेही तपासा.

धायरीफाटा, बाबांना माझा नमस्कार सांगा. खिळे जुळवलेल्या माणसाची नजर आहे ती, रॅमचे दात त्यांनाच दिसायचे होते. एक यूपीएस घ्याच आता, आणि गुरुवारी लाईट गेली की भिंतीतला प्लग काढायची सवय लावा, लाईट येऊन पंधरा मिनिटं स्थिर राहिली की मगच लावायचा.

धायरीफाटा | शुक्रवार, रात्री ९.२०

पेनड्राईव्हवर एक कॉपी, बहिणीकडे एक कॉपी गेली. नवीन एसएमपीएस टिळक रोडवरून आणला, पिवळीवर लोडसकट १२.०५ आहे, कोथरूडडेपो यांचा त्यांना परत केला, ते पैसे घ्यायला तयार नव्हते म्हणून आईने चकल्या दिल्या.

ताई, अडचण आली एक. पीडीएफ काढल्या पण माझ्या लॅपटॉपवर उघडल्या की सगळीकडे खुणा दिसतात, तुम्ही म्हणाला होतात तशी खिचडी. बाबांच्या मशीनवर तीच पीडीएफ नीट दिसते.

छपाईघर | शुक्रवार, रात्री ९.४४

पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झाले नाहीत, म्हणजे फाईलच्या आतच साठवले गेले नाहीत. बाबांच्या मशीनवर फॉन्ट आहेत म्हणून तिथे दिसतं. पीडीएफ बनवताना सेटिंगमध्ये सगळे फॉन्ट एम्बेड करा हा पर्याय निवडा, मग परत काढा आणि दुसऱ्या मशीनवर उघडूनच खात्री करा. युनिकोडमध्ये नंतर कन्व्हर्टरने नेता येईल, पण तेव्हा प्रत्येक ओवी मूळ पानाशी ताडून वाचावी लागेल, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. ते काम मी करीन, फाईली पाठवा.

धायरीफाटा | रविवार, दुपारी १२.१०

झालं, एम्बेड केल्यावर लॅपटॉपवर, फोनवर, सगळीकडे नीट दिसतंय. बाबांनी स्वतः एकेक पान फोनवर मोठं करून तपासलं, ४३७ ओव्या आहेत, एकही कमी नाही. मोठ्या टाईपात एक प्रत छापून घेतलीय. बाबांची मावशी वेल्ह्याला असते, ९१ वर्षांची, त्या वह्यांमधल्या कितीतरी ओव्या तिच्याच तोंडच्या. येत्या शनिवारी बाबांना घेऊन तिच्याकडे जातोय, सोबत रेकॉर्डिंगसाठी फोन आणि एक कोरी वही.